चोवीस रकाने आणि न आलेली वर्गणी

३१ जानेवारी उजाडली की सकाळपासून मोबाईल वाजू लागतो. 'मूकनायक दिनाच्या मंगलमय शुभेच्छा.' खाली बाबासाहेबांचा फोटो, शेजारी लेखणी, मागे निळा रंग. १९२० साली याच दिवशी बाबासाहेबांनी पाक्षिक 'मूकनायक' सुरू केले, हे आज शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पण मी एक प्रश्न दरवर्षी विचारतो आणि दरवर्षी शांतता पसरते. 'मूकनायक' बंद कशामुळे पडले? 'बहिष्कृत भारत' बंद कशामुळे पडले? इंग्रज सरकारने बंदी घातली होती का? सनातन्यांनी छापखाना फोडला होता का? विचार संपले होते का?

यातले काहीही झाले नव्हते. पैसे संपले होते, लिहायला दुसरा माणूस नव्हता आणि ज्यांच्यासाठी पत्र निघत होते त्यांच्याकडून वर्गणी येत नव्हती. आपल्या पत्रकारितेचा इतिहास आपण विचारांचा इतिहास म्हणून सांगतो आणि तो तसा आहेच. पण तो कागदाच्या रिमांचा, पोस्टाच्या तिकिटांचा आणि थकबाकीच्या वहीचाही इतिहास आहे. ही दुसरी बाजू आपण सांगत नाही, कारण त्यात आपलीही जबाबदारी निघते.

स्वतः बाबासाहेबांना ही बाजू पहिल्याच दिवसापासून माहीत होती. 'मूकनायक'च्या पहिल्या अंकातले 'मनोगत' आपण सारे वाचतो ते मुख्यतः हिंदू समाजाला दिलेल्या मनोऱ्याच्या उपमेसाठी. मजल्यांना जोडणारा जिना नसलेला तो मनोरा भाषणात हमखास येतो. पण त्याच लेखात पुढे काय आहे? बहिष्कृतांच्या प्रश्नांची चर्चा करणाऱ्या 'दीनमित्र', 'जागरूक', 'डेक्कन रयत', 'विजयी मराठा', 'ज्ञानप्रकाश', 'सुबोधपत्रिका' अशा पत्रांची नोंद बाबासाहेब मोकळ्या मनाने घेतात आणि सांगतात की तेवढी जागा पुरेशी नाही, स्वतंत्र पत्र हवे. मग आधी निघालेल्या आपल्या पत्रांची नावे घेतात : 'सोमवंशीय मित्र', 'हिंद नागरिक', 'विटाळ विध्वंसक'. ही जन्मली आणि बंद पडली, हेही तिथेच सांगतात. आणि वर्गणीदारांनी साथ दिली तर हे पत्र डगमगणार नाही, असा भरवसा देतात. विचार करा, नव्या पत्राचा पहिला अंक आहे आणि संपादक आधीच्या पत्रांची थडगी मोजून दाखवतो आहे! बारसे करताना कोणी असे बोलतो का? पण ज्याला पुढचा रस्ता दिसतो तो बोलतो.

'सोमवंशीय मित्र' शिवराम जानबा कांबळे यांचे. १ जुलै १९०८ ला पुण्यातून सुरू झालेले मासिक. 'निराश्रित हिंद नागरिक' (१९१०) आणि 'विटाळ विध्वंसक' (१९१३) ही नागपूरच्या किसन फागूजी बनसोडे यांची. बनसोडे यांच्याकडे पाहिले की मला नेहमी थक्क व्हायला होते. एक पत्र बंद पडले की हा माणूस दुसरे काढतो. १९१८ मध्ये 'मजूर पत्रिका' काढतो. ती थांबल्यावर १९३१ मध्ये 'चोखामेळा' काढतो. तीन वेळा बुडाल्यावर चौथ्यांदा पाण्यात उतरणाऱ्याला लोक वेडा म्हणतात. आपण मात्र त्याला काहीच म्हणत नाही, कारण त्याचे नावच आपल्याला आठवत नाही.

त्याच्याही मागे जाता येते. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात 'दीनबंधू' सुरू केला. सत्यशोधक विचाराचे हे पहिले पत्र. पैशाने भालेकर टेकीला आले आणि पत्र थांबले. १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत पुन्हा उभे केले, म्हणून ते इतिहासात राहिले. आता गंमत बघा. याच भालेकरांचे पुत्र मुकुंदराव पाटील. दत्तक गेल्यामुळे आडनाव बदलले. त्यांनी १९१० पासून 'दीनमित्र' चालवला आणि तो १९६७ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या मृत्यूपर्यंत चालवला. तोही नगर जिल्ह्यातल्या नेवासे तालुक्यात, तरवडीसारख्या खेड्यातून. बापाला पुण्यात जे जमले नाही ते मुलाने खेड्यात सत्तावन्न वर्षे करून दाखवले. मुकुंदरावांची जिद्द वादातीत आहे आणि त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. पण जिद्द कांबळे-बनसोड्यांकडे कमी होती काय? फरक इतकाच, की एकाच्या मागे पाटलाचे घर होते, गावात पाय रोवून उभे राहता येईल अशी जागा होती. दुसऱ्यांच्या मागे काय होते? महारवतन! ज्यात मालकी नावाला आणि राबणूक मात्र गावभरची. पत्र किती वर्षे जगेल हे संपादकाच्या बुद्धीवर ठरत नाही, हे या दोन उदाहरणांवरून कळते.

'मूकनायक' निघाला तेव्हा बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. सरकारी नोकरी, त्यामुळे संपादक म्हणून स्वतःचे नाव घालता येईना. नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे आणि लेखणी बाबासाहेबांची. राजर्षी शाहू महाराजांनी २५०० रुपये दिले नसते तर हा अंक निघालाच नसता. हे पत्र निघत आहे अशी साधी जाहिरात पैसे देऊन छापा, असे 'केसरी'ला कळवले होते. 'केसरी'ने ती छापली नाही. लोकमान्य तेव्हा हयात होते. फुकट मागितली नव्हती, लेख छापा म्हटले नव्हते, फक्त पैसे घ्या आणि चार ओळी छापा! ही गोष्ट आपण संतापाने सांगतो आणि सांगायलाच हवी. पण तिचा व्यावहारिक अर्थ फारसा कुणी सांगत नाही. वर्तमानपत्र नुसत्या वर्गणीवर जगत नाही, ते जाहिरातीवर जगते. ज्या समाजाचे दुकान नाही, पेढी नाही, कारखाना नाही, त्याच्या पत्राला जाहिरात कोण देणार? आणि त्या पत्राची स्वतःची जाहिरातही दुसरा घेणार नसेल तर नवा वाचक येणार कुठून? जातीने एकाच पत्राचे दोन्ही दरवाजे बंद केले होते, आत येणाऱ्या पैशाचा आणि बाहेर जाणाऱ्या बातमीचा. पुढे १८ जानेवारी १९४३ ला पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांवर बोलताना बाबासाहेबांनी भारतीय वृत्तपत्रांवर कोरडे ओढले. पूर्वी पत्रकारिता हा पेशा होता, आता तो व्यापार झाला आहे, साबण बनवण्याइतकीच त्यात नीती उरली आहे, या आशयाचे ते बोलले. त्या बोलण्यामागे तेवीस वर्षांचा स्वतःचा अनुभव होता.

जुलै १९२० मध्ये बाबासाहेब अपुरे शिक्षण पूर्ण करायला लंडनला गेले. मागे पत्र ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप यांच्या हाती गेले. कार्यकर्त्यांत आपसात कुरबुरी झाल्या. त्या कुणामुळे झाल्या यावर आजही वाद घालणारे आहेत, मला त्यात रस नाही. दोन-तीन माणसांच्या खांद्यावर सारा डोलारा असला की कुरबुरी होणारच. ६ मे १९२२ ला शाहू महाराज गेले. १९२३ मध्ये 'मूकनायक' संपला.

आता थोडे त्या काळच्या रोजच्या कटकटीबद्दल, कारण ती समजल्याशिवाय पुढचे समजणार नाही. खिळे हाताने जुळवायचे. कंपोझिटरला अक्षर लागले नाही तर चुका व्हायच्या, मग प्रुफे तपासायची. कागद रोखीने आणायचा. छापखानेवाला उधारीवर एखादा अंक काढून देई, तिसऱ्या अंकाला हात आखडे. अंक घड्या घालून, पत्ते चिकटवून पोस्टात टाकायचे. वर्गणी गोळा करायची तर व्ही.पी. करायची. वर्गणीदाराने व्ही.पी. सोडवली नाही तर ती परत येणार आणि पोस्टाचा खर्च संपादकाच्या अंगावर. चारजणांनी व्ही.पी. परत केली तर पाचव्याची वर्गणी त्यातच जाते. मराठीत नियतकालिक चालवलेल्या कुणालाही विचारा, तो हेच सांगेल. आमच्या भागातून निघणाऱ्या एका छोट्या मासिकाची वर्गणीची वही मी चार वर्षे सांभाळली आहे. 'जयभीम साहेब, अंक फार छान निघतो, बंद पडू देऊ नका,' असे सांगणाऱ्याच्या नावापुढे तीन वर्षांची बाकी असायची. मागायला गेलो की चहा मिळायचा, वर्गणी नाही. आणि एखाद दिवशी ज्याला वाचता येत नाही असा सफाई कामगार पगाराच्या दिवशी स्वतःहून पाचशेची नोट हातावर ठेवायचा. वहीत नाव लिहू लागलो तर म्हणायचा, "पोरगी वाचून दाखवते आम्हाला."

हे मासिकवाल्याचे आश्चर्य जुनेच आहे. चाळीत, वस्तीत एक अंक यायचा आणि ज्याला अक्षरओळख आहे तो मोठ्याने वाचायचा, बाकीचे ऐकायचे. त्यामुळे वर्गणीदार मोजून वाचक मोजता येत नाहीत. पण छापखान्याचे बिल मात्र वर्गणीदारांवरच भागवावे लागते. ऐकणारे शंभर आणि पैसे देणारा एक, ही आपल्या पत्रांची खरी ताकद होती आणि तेच त्यांचे मरणही होते.

'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक ३ एप्रिल १९२७ चा. महाडचा चवदार तळ्याचा लढा १९ आणि २० मार्चला झाला, त्यानंतर दोन आठवड्यांत. या वेळी संपादक म्हणून बाबासाहेबांचे स्वतःचे नाव. त्या वर्षी हा माणूस काय काय करत होता पाहा. वकिली होती, अकाउंटन्सीच्या एका संस्थेत व्यापारी कायदा शिकवणे होते, मुंबई कायदे मंडळाची नेमणूक त्याच वर्षीची. बहिष्कृत हितकारिणी सभेचे काम होते. डिसेंबरमध्ये महाडचा सत्याग्रह आणि मनुस्मृतीचे दहन. राहायला परळच्या बी.आय.टी. चाळीतल्या दोन खोल्या. आणि दर पंधरवड्याला चोवीस रकाने. अग्रलेख तेच लिहिणार, 'आजकालचे प्रश्न' तेच लिहिणार, 'प्रासंगिक विचार' तेच लिहिणार. महाडच्या लढ्यावर विरोधकांनी उठवलेल्या एकेका आक्षेपाला शास्त्राधारासह उत्तरे तेच देणार.

आपण हे अग्रलेख आज वाचतो तेव्हा त्यांची विद्वत्ता दिसते. मला त्यात घड्याळही दिसते. मजकूर द्यायची वेळ झाली आहे, रकाना रिकामा आहे आणि दुसरा कुणी लिहिणारा नाही.

३ फेब्रुवारी १९२८ चा अग्रलेख प्रत्येक कार्यकर्त्याने वाचलाच पाहिजे. मथळा आहे 'बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?' बाबासाहेबांनी स्वतःविषयी फार थोडे लिहिले आहे. इथे मात्र त्यांना लिहावे लागले आणि कारण काय, तर पत्राचे कर्ज! चोवीस-चोवीस रकाने एकट्याने भरावे लागतात, मदतनीस मिळत नाही, संपादकाने मोबदला घेतलेला नाही, हे त्यांना वाचकांपुढे मांडावे लागले. आणि त्याच लेखात रमाईंचा उल्लेख येतो. आपण परदेशात असताना जिने संसाराचा भार वाहिला, गरिबीत शेणाचे ओझे डोक्यावर न्यायला जी लाजली नाही, तिच्या सहवासात दिवसातला अर्धा तासही घालवता येत नाही, अशा आशयाचे ते लिहितात. रमाईंवरचे हे शब्द आपण त्यागमूर्तीच्या फलकावर छापतो, २७ मे ला स्टेटसला ठेवतो. ते कुठल्या लेखात आले आहेत हे मात्र कुणी सांगत नाही. ते थकबाकीच्या लेखात आले आहेत. एका पत्राचा जमाखर्च मांडताना संपादकाने खर्चाच्या बाजूला स्वतःच्या बायकोचा अर्धा तास लिहिला आहे.

आणि मग प्रश्न विचारला आहे की हे कर्ज लोकांचे नाही काय?

इथे कुणी म्हणेल, समाज गरीब होता, कुठून देणार? मान्य. गिरणीत बदली कामगार, गोदीत हमाल, गावात वेठबिगार. पण बाबासाहेबांना ही गरिबी आपल्यापेक्षा जास्त माहीत होती. तरी त्यांनी मागितले. कारण त्याच गरीब समाजातून लग्नाला, जत्रेला, देवाच्या नवसाला पैसा जात होता हेही ते पाहत होते. त्यांनी समाजाला दीन समजून सूट दिली नाही, नागरिक समजून हिशेब मागितला. आज जो कार्यकर्ता 'आपला समाज गरीब आहे' म्हणून वर्गणी मागायला लाजतो आणि मग एखाद्या पक्षाच्या नेत्याकडून विशेषांकाला जाहिरात घेतो, त्याने या अग्रलेखासमोर दोन मिनिटे उभे राहावे.

किमतीचा विषय निघालाच आहे तर १९३६ चीही गोष्ट सांगतो. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने परिषद रद्द केली आणि बाबासाहेबांनी न झालेले भाषण स्वतः पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये त्यावर लिहिले. भाषण वाचावे अशी शिफारस केली आणि वर सल्ला दिला की आठ आणे किंमत जास्त आहे, दोन आणे ठेवावी, निदान चार आणे. वाचकाचा खिसा पाहून दिलेला सल्ला म्हणून त्यात वावगे काही नाही. पण छपाईचे बिल कोणाच्या नावावर फाटले होते, हा प्रश्न तिथे कुणी विचारला नाही. ती १५०० प्रतींची आवृत्ती दोन महिन्यांत संपली. गुजराती आणि तमिळ भाषांतरे झाली, आणखी भाषांत सुरू झाली. आठ आणे देऊन लोकांनी घेतले!

असे सुखद धक्के 'बहिष्कृत भारत'लाही मिळाले असणार, पण एक मोठा धक्का वेगळ्या प्रकारचा होता. ज्यांनी वाचू नये असे वाटत होते तेच मन लावून वाचत होते. 'भाला'सारखी सनातनी पत्रे बाबासाहेबांच्या लिखाणावर तुटून पडत. म्हणजे वर्गणी न देणारा आपला माणूस आणि ओळ न ओळ तपासणारा विरोधक, असे दोन वाचक संपादकाला एकाच वेळी मिळाले होते. विरोधकाच्या वाचनामुळे लेख अधिक धारदार झाले हे खरे, पण त्याने कागदाचा खर्च भागत नाही. दुसरीकडे मदतीला येणारी माणसेही अनपेक्षित ठिकाणाहून आली. समाज समता संघाच्या 'समता' पत्राचे (२९ जून १९२८) संपादक देवराव नाईक, मनुस्मृती दहनाचा ठराव मांडणारे बापूसाहेब सहस्रबुद्धे, हे दोघेही पुढे 'जनता'चे संपादक झाले. जन्माने सवर्ण असलेली ही माणसे आपल्या पत्राची प्रुफे तपासत बसली. 'आंबेडकरी चळवळ म्हणजे एका जातीची चळवळ' असे म्हणणाऱ्यांनी आपल्या पत्रांच्या संपादकांची यादी एकदा काढून पाहावी.

तरीही १५ नोव्हेंबर १९२९ च्या अंकानंतर 'बहिष्कृत भारत' थांबले. आणि इथे त्या न आलेल्या वर्गणीची खरी किंमत कळते.

'जनता' सुरू झाले २४ नोव्हेंबर १९३० ला. मधले एक वर्ष बाबासाहेबांचे स्वतःचे पत्र नव्हते. ते वर्ष कोणते? २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. ऑगस्टमध्ये नागपूरला अस्पृश्यांची अखिल भारतीय परिषद झाली, जिच्या अध्यक्षपदावरून बाबासाहेबांनी काँग्रेस आणि ब्रिटिश दोघांनाही खडे बोल सुनावले. १२ नोव्हेंबरला लंडनमध्ये पहिली गोलमेज परिषद भरली. म्हणजे आपल्या इतिहासातले सर्वांत धकाधकीचे वर्ष आणि त्या वर्षी संपादकाच्या हातात पत्र नाही! नाशिकच्या रस्त्यावर रामाच्या दारात बसलेल्या आपल्या बायाबापड्यांचे रोजचे वर्णन बाबासाहेबांच्या लेखणीतून पंधरवड्याला आपल्याला मिळाले असते. महाडचे तसे मिळाले आहे, म्हणूनच महाडचा शब्द न् शब्द आपल्याला सांगता येतो. नाशिकसाठी मात्र संशोधकाला दुसऱ्यांची वर्तमानपत्रे, सरकारी कागद आणि नंतरच्या आठवणी चाळाव्या लागतात. दुसऱ्याच्या पत्रात आपण कसे दिसतो हे 'केसरी'ने १९२० मध्येच शिकवले होते.

आणि जे छापले गेले त्याचे तरी आपण काय केले? 'बहिष्कृत भारत' आणि 'मूकनायक'चे अंक एकत्र ग्रंथरूपाने यायला १९९० साल उजाडावे लागले. महाराष्ट्र शासनाने ते काढले, वसंत मून यांनी संपादन केले. त्यातही 'मूकनायक'चा भाग आहे तो फक्त १९२० चा. गंगाधर पानतावणे यांनी बाबासाहेबांच्या पत्रकारितेवर पुस्तक लिहिले आणि तेच पानतावणे औरंगाबादेतून 'अस्मितादर्श' हे त्रैमासिक दशकानुदशके चालवत होते. वर्गणीदारांना पत्रे कशी लिहायची हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नसणार.

'जनता' मात्र टिकले. पाक्षिकाचे साप्ताहिक झाले. ४ फेब्रुवारी १९५६ ला त्याचे 'प्रबुद्ध भारत' होईपर्यंत ते पंचवीस वर्षे चालले. कारण आता स्वतःचा छापखाना होता, मागे संघटना उभी राहिली होती, पुढे स्वतंत्र मजूर पक्ष आला आणि संपादकाची खुर्ची एका माणसावर अवलंबून राहिली नाही. नाईक गेले की कद्रेकर, कद्रेकरांनंतर सहस्रबुद्धे, मग बापूसाहेब कांबळे, मग यशवंतराव. पहिला अंक निघाला तेव्हा बाबासाहेब मुंबईत नव्हतेच, ते लंडनला गोलमेज परिषदेत होते. चोवीस रकाने पहिल्यांदाच दुसऱ्या कुणीतरी भरले होते. बाबासाहेबांकडून बोटीने पत्रे यायची आणि त्यांतली 'जनता'त छापली जायची. ती परळच्या चाळींत जिन्याखाली बसून मोठ्याने वाचली जात.